वर्डप्रेस बसवायचं की साधी साइट लिहायची?

मी वेबसाइट बनवून देतो. आमची गिऱ्हाइकं म्हणजे गल्लीतले मिठाईवाले, क्लासवाले, दातांचे डॉक्टर. पाच पानांची साइट हवी असते. ती वर्डप्रेसवर (कोड न लिहिता साइट बनवायचं आणि बदलायचं तयार सॉफ्टवेअर) करायची की साध्या एचटीएमएलमध्ये (वेबपान लिहायची भाषा) हाताने लिहायची, एवढाच प्रश्न.

वर्डप्रेस 2003 पासून आहे, फुकट आहे, मराठीतही चालतं. मालक स्वतः भाव बदलू शकतो. शकतो म्हणायचं! मिठाईवाल्या काकांना लॉगिन देऊन दोन वर्षं झाली, तरी गणपतीच्या आदल्या रात्री साडेदहाला मेसेज येतोच, "उकडीचे मोदक 30 चे 35 कर रे." शिवाय प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडलेले जादा सोयींचे छोटे प्रोग्राम, वेळेवर अपडेट केले नाहीत तर साइट हॅक होण्याची भीती. एका साइटवर अचानक औषधांच्या जाहिराती दिसू लागल्या. अख्खा रविवार साफसफाईत गेला, वर पैसे मागायची सोय नाही.

साध्या साइटला डेटाबेसच (वर्डप्रेस सगळा मजकूर ज्यात साठवतं तो) नसतो, त्यामुळे मोडण्यासारखं फार काही नाही. बदल मात्र दरवेळी मलाच करावे लागतात, म्हणून वर्षाला दहा बदल धरून पैसे आधीच घेतो.

दवाखान्याला मी डोळे झाकून साधी साइट देतो. क्लासवाल्यांना सतत निकाल, फोटो टाकायचे असतात. तिथे वर्डप्रेसच, पण देखभालीच्या वार्षिक करारावर सही झाल्यावर. डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, दोन्हीकडे गिऱ्हाइकाच्याच नावावर.