घटस्फोटाचा खोटा हुकूमनामा आणि गेलेले १,०२,००० रुपये

आकडे आधी सांगते, कारण ऐकणारा प्रत्येक जण आधी तेच विचारतो. वकिलाची फी ४०,०००. ‘कोर्ट फी आणि तिकिटं’ १२,५००. ‘सहा महिने माफ करून घेण्याचे’ ३५,०००. ‘समुपदेशन विभागाचे’ ८,०००. शेवटी ‘नकलेचे’ ६,५००. एकूण १,०२,०००. यातले पहिले ४०,००० तेवढे बँकेतून गेले, बाकीचे ६२,००० रोख, पावतीशिवाय. हातात आला तो परस्परसंमतीच्या घटस्फोटाचा खोटा हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा अंतिम आदेश म्हणून दिलेला बनावट कागद. अर्ज दाखलच झाला नव्हता. चौदा महिने ज्या तारखांकडे डोळे लावून बसले, त्या न्यायालयाच्या रोजच्या कामाच्या कुठल्याच यादीत नव्हत्या.

वकील तोतया नव्हता. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, खरी होती, कोर्टाच्या आवारात लोक त्याला नमस्कार करत होते. म्हणून ‘वकील खरा आहे का ते बघा’ एवढ्या सल्ल्याने कोणाचं काही वाचणार नाही. सनद क्रमांक वकीलपत्रावर (आपल्या वतीने काम पाहायला वकिलाला दिलेल्या अधिकारपत्रावर) असतोच, तो जरूर पडताळा. पण खरा वकीलसुद्धा अर्ज दाखल न करता पैसे खाऊ शकतो.

आता त्या रकमा एकेक करून बघा. महाराष्ट्रात १९९४ च्या शासन अधिसूचनेनुसार घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत स्त्री पक्षकाराला कोर्ट फी माफ आहे. म्हणजे १२,५०० कशाचे घेतले? कौटुंबिक न्यायालयातले विवाह समुपदेशक न्यायालयाचेच असतात, त्यांना पक्षकाराने एक रुपयाही द्यायचा नसतो. म्हणजे ८,००० कशाचे? प्रमाणित नक्कल पानाच्या हिशोबाने किरकोळ पैशांत मिळते. आणि सहा महिने माफ होणं ही काही कोणाच्या ओळखीवर मिळणारी सवलत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब नुसार अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि पहिल्या अर्जानंतर सहा ते अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे यायचं असतं. २०१७ साली अमरदीप सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे सहा महिने सक्तीचे नाहीत. अर्जाआधीच दीड वर्षाचं वेगळं राहणं झालेलं असेल, समेटाचे प्रयत्न संपले असतील, पोटगी आणि मुलांचा ताबा ठरलेला असेल, तर साधा लेखी अर्ज देऊन माफी मागता येते. मान्य करायची की नाही ते न्यायाधीश ठरवतात. ‘३५,००० दिले की होतं’ असं सांगणारा एकतर खोटं बोलतोय, नाहीतर गुन्हा करतोय.

मला हे तेव्हा माहीत नव्हतं. आणि घटस्फोटाच्या बाबतीत विचारायचं तरी कोणाला? चार लोकांत विषय काढायचीच चोरी. या धंद्याचं भांडवल तेच आहे. जमिनीच्या व्यवहारात माणूस दहा जणांना विचारतो. इथे दोन्ही पक्ष एकमेकांशी बोलत नाहीत आणि बाहेर तोंड उघडत नाहीत. मला सांगितलं जायचं, ‘त्यांची सही बाकी आहे.’ तिकडे सांगितलं जायचं, ‘बाईंची सही बाकी आहे.’ एका फोनवर हे उघडं पडलं असतं. तो फोन आम्ही करणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ज्या क्षणी कळायला हवं होतं, तो क्षण अजून घशाशी येतो. हुकूमनाम्याच्या दुसऱ्या पानावर छापलं होतं, ‘अर्जदार क्रमांक १ व २ न्यायालयासमोर समक्ष हजर. त्यांना विचारणा केली असता संमती स्वखुशीने असल्याचे सांगितले.’ मी हे वाचलं. एकदा नाही, तीनदा वाचलं. मी त्या न्यायालयात एकदाही उभी राहिले नव्हते. मला कोणी काही विचारलं नव्हतं. तरी मी तो कागद घडी घालून कपाटात ठेवला, कारण सुटल्यासारखं वाटलं होतं आणि मला त्यात खोट शोधायचीच नव्हती. खाली घातलेली निकालाची तारीख रविवारची होती. तेही नंतर पाहिलं.

माझ्या बाजूनेही थोडं बोलू द्या. ‘तुम्हाला यायची गरज नाही’ हे वकिलाचं वाक्य सरळ खोटं वाटत नाही. त्याच २०१७ च्या निकालात व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा आणि अगदीच अडचण असेल तर आईवडील किंवा भावंडांमार्फत हजर राहण्याचा उल्लेख आहे, आणि त्याने मला तोच दाखवला. अर्धं खरं सांगितलं की उरलेलं खोटं सहज खपतं. पण पडद्यावर का होईना, संमती खरी आहे याची खात्री न्यायालय स्वतः करून घेतं. नुसत्या वकिलाच्या शब्दावर संमतीचा हुकूमनामा होत नाही. नोटरीच्या स्टॅम्प पेपरवरच्या ‘फारकतीने’ही हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न मोडत नाही. समाजाची जुनी रूढी सिद्ध करता येत असेल तर गोष्ट वेगळी.

शेवटी हे उघडं पाडलं ते नाव बदलायला गेले त्या कार्यालयातल्या खिडकीवरच्या बाईंनी. त्यांनी कागद उलटून पाहिला आणि विचारलं, ‘नकलेचा शेरा कुठे आहे?’ खऱ्या प्रमाणित प्रतीवर नक्कल मागितल्याची, तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख असते, नक्कल विभागाचा शिक्का आणि सही असते. माझ्या कागदावर नुसता गोल शिक्का होता. हाच कागद धरून मी दुसरं लग्न केलं असतं, तर तो द्विविवाहाचा गुन्हा ठरला असता.

अर्ज दाखल झाला की सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक, मिळतो, महाराष्ट्रात त्याची सुरुवात ‘एमएच’ने होते. तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाका, पुढची तारीख दिसते. मला सांगण्यात आलं, ‘कौटुंबिक केस ऑनलाइन दिसत नाही.’ नावाने शोधून प्रकरण सापडलं नाही, असं होऊ शकतं. क्रमांक मात्र असतोच, आणि न्यायालयाच्या चौकशी खिडकीवर विचारता येतो. क्रमांक हातात पडेपर्यंत फीचा दुसरा हप्ता देऊ नका. कोऱ्या कागदावर सही नको, कोऱ्या वकीलपत्रावर तर नकोच. मी दोन्ही केलं.

मग तक्रार. पहिल्या दिवशी पोलीस ठाण्यात ऐकवलं, ‘हा तुमचा आणि वकिलाचा व्यवहार, दिवाणी आहे.’ दुसऱ्या खेपेला, ‘कोर्टाचा कागद आहे ना, मग तक्रार कोर्टाने द्यायची.’ तिसऱ्या खेपेला, ‘बार कौन्सिलला जा’, म्हणजे वकिलांना सनद देणाऱ्या संस्थेकडे. तीन खेपा, तीन कारणं, आणि प्रत्येक वेळी दोन-दोन तास बाकावर. दुसरं कारण तर चुकीचंच आहे. दस्तऐवज न्यायालयाबाहेर बनवला असेल तर तक्रार कोर्टानेच द्यावी असं सांगणारं पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १९५ आड येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००५ मध्येच सांगितलंय. हे एका ठाणे अंमलदाराला मी समजावून द्यायचं? ग्राहक आयोगाचं दार सर्वोच्च न्यायालयाच्या १४ मे २०२४ च्या निकालाने बंद झालं. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही. डॉक्टरविरुद्ध जाता येतं, बिल्डरविरुद्ध जाता येतं, वकिलाविरुद्ध नाही. उरली ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खालची तक्रार. कायदा म्हणतो वर्षात निकाल लावा, नाहीतर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. पण तिथे होऊन होऊन काय होतं? ताकीद, निलंबन किंवा सनद रद्द. माझे १,०२,००० त्यात कुठेच नाहीत. चोराला शिक्षा द्यायला तीन खिडक्या, आणि चोरीला गेलेलं परत हवं असेल तर वेगळा दिवाणी दावा!

पोलीस गुन्हा नोंदवत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी तक्रार पाठवा, पोचपावती जपा. तिथेही हालचाल झाली नाही तर शपथपत्रासह कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. त्याआधी न्यायालयात अर्ज करून ‘असं प्रकरण नोंदलेलं नाही’ हे लेखी घ्या. त्या एका कागदावर सगळं उभं राहतं.

कागदपत्रं अडवून ठेवली असतील तर हेही लक्षात असू द्या. फी बाकी असली तरी वकिलाला पक्षकाराची कागदपत्रं दाबून ठेवता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच हे ठरवलंय. पोटगीच्या रकमेत टक्का मागणंही बार कौन्सिलच्या नियमांविरुद्ध आहे, आणि ‘महिनाभरात घटस्फोट’ अशी जाहिरात करणंही.

त्याने केलेल्या मसुद्यात एक ओळ होती, ‘स्त्रीधन मिळाले, काही बाकी नाही.’ मिळालं काहीच नव्हतं. दागिन्यांची ग्रॅममध्ये वजनासह यादी घटस्फोटाच्या लेखी अटींना जोडा, आणि दुसऱ्या हजेरीआधी ते ताब्यात घ्या. ठरलेली रक्कम न्यायाधीशांसमोर डिमांड ड्राफ्टने घ्या. आणि वाद चालू असताना अंतरिम पोटगी व दाव्याचा खर्च हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली मागता येतो, २०२० पासून त्यासाठी दोघांनाही मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र द्यावं लागतं. मला हे वकिलाने सांगायला हवं होतं.

सगळ्यात जास्त जळतं ते वेगळंच. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असलं तरी, सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच कार्यालय असतं, १५१०० वर फोन लागतो. मी त्या दारावरून चौदा महिने ये-जा करत होते.

आता अर्ज तिथूनच दाखल झाला. सीएनआर क्रमांक मिळाला, पहिल्या तारखेला आम्ही दोघं समक्ष उभे राहिलो आणि न्यायाधीशांनी दोघांनाही विचारलं. सहा महिने माफ करण्याचा अर्ज दोन पानांचा आहे. त्याचे पैसे कोणीही मागितले नाहीत. पोलिसांनी माझा जबाब अजून घेतलेला नाही.