नाशिकहून लंडन: मुंबई गाठावी की ओझरहून दिल्लीमार्गे जावं?

लेक लंडनला आणि आई-बाबा गंगापूर रोडला, अशी घरं नाशिकमध्ये आता बरीच आहेत. पहिल्यांदा निघणाऱ्या आई-बाबांचं तिकीट काढताना घोळ होतो तो याच प्रश्नावर: मुंबईहून थेट की नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्लीमार्गे?

नकाशा दिल्लीच्या बाजूने बोलतो. मुंबई ते लंडन सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर, दिल्ली ते लंडन साधारण ६,७००. पण ओझर ते दिल्ली हे जवळपास हजार किलोमीटर त्यात मिळवले की हिशेब उलटतो. शिवाय एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांच्या विमानांना पाकिस्तानची हवाई हद्द बंद झाली. त्यामुळे दिल्लीहून निघालेलं त्यांचं विमान आधी गुजरातकडे खाली येतं आणि अरबी समुद्रावरून पश्चिमेला वळतं. मुंबईच्या विमानाला समुद्र समोरच असल्याने त्याला हा फेरा फारसा जाणवत नाही. परदेशी कंपन्यांना ही बंदी नाही.

आता दारापासूनचा वेळ धरू. मुंबई विमानतळ सुमारे १७० किलोमीटर, गाडीने चार तास. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो. भिवंडी-ठाण्याची कोंडी मात्र टळत नाही, म्हणून तासभर जास्तीचा ठेवाच. विमानतळावर तीन तास आधी, पुढे थेट उड्डाण दहा तासांच्या आसपास. एकूण अठरा तास.

ओझर विमानतळ नाशिक शहरापासून वीसेक किलोमीटरवर. दिल्लीचं उड्डाण दोन तासांचं, मग तिथे चार-पाच तासांची थांबणी, मग लंडन. बेरीज वीस तासांच्या घरात जाते. ज्यांना गाडीत चार तास बसवत नाही, कंबर धरते, त्यांच्यासाठी तरीही मी हाच रस्ता सांगेन, पण एका अटीवर: दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर हवीत. मग सामान ओझरला दिलं की थेट लंडनला मिळतं आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. तिकिटं वेगळी असली तर बॅगा दिल्लीत उतरवून पुन्हा द्याव्या लागतात. टर्मिनल एक आणि तीन यांच्यात तर रस्त्याने जावं लागतं. सत्तरीच्या माणसांना एकट्याने हे करायला लावू नये.

डिसेंबर-जानेवारीत मात्र दिल्ली नकोच. तिथलं धुकं दाट असतं आणि सकाळची विमानं तासन् तास अडकतात. पावसाळ्यात मुंबईला जायचं तर आदल्या दिवशी ठाण्यात नातेवाइकांकडे मुक्काम करावा.

बाकी सगळ्यांनी मुंबईचं थेट विमानच घ्यावं. येताना वरच्या हवेतले पश्चिमेचे वारे पाठीशी असतात, तासाभराने लवकर पोहोचतं. उतरण्याची वेळ मध्यरात्रीची असेल, तर लगेच नाशिकची गाडी पकडू नका. थकलेल्या माणसांना रात्री रस्त्यावर काढण्यापेक्षा मुंबईतच झोपवा आणि सकाळी निघा.