उन्हात पळणाऱ्यांसाठी इलेक्ट्रॉल: मीठ-पाणी भरून काढतं, डोक्याला धार लावत नाही

मार्च ते जून लाँग रन करणाऱ्यांच्या बाटलीत इलेक्ट्रॉल, म्हणजे पाण्यात कालवायची क्षार-ग्लुकोजची (ओआरएस) पावडर, हमखास दिसतं. ‘डोकं ताजं राहतं’ म्हणून घेणारेही बरेच. तेवढ्याच आशेवर घ्याल तर निराशा होईल. घामावाटे गेलेलं मीठ-पाणी भरून काढायला मात्र मेडिकलमधलं हे पाकीट अगदी भरवशाचं.

21.8 ग्रॅमचं पाकीट 1 लिटर पाण्यासाठी असतं. त्यात ग्लुकोज 13.5, मीठ 2.6, सोडियम सायट्रेट 2.9 आणि पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण. यातलं ग्लुकोज चवीसाठी नाही. आतड्यात सोडियम त्याच्या जोडीने शोषलं जातं आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातं. म्हणून अख्खं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतू नका. द्रावण दुप्पट दाट झालं की पाणी उलट आतड्यात ओढलं जातं, मळमळतं, पोट बिघडतं. छोट्या बाटलीसाठी 200 मिलीचं छोटं पाकीट घ्या. कालवलेलं 24 तासांत संपवा.

आता डोक्याचं. वजनाच्या साधारण 2 टक्क्यांपेक्षा जास्त पाणी गेलं, म्हणजे 60 किलोच्या माणसाचं 1.2 किलो, की लक्ष विचलित होतं, पेसचा (पळण्याच्या वेगाचा) अंदाज चुकतो, पाय अडखळतात. ही घसरण थोपवायला इलेक्ट्रॉल मदत करतं. अंग तापल्याने येणारी सुस्ती त्याने जात नाही. तिथे थंडगार पेय, मानेवर-डोक्यावर पाणी आणि वेग कमी करणं हेच कामाला येतं. तासाभरापेक्षा लांब पळायचं तर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात, तेव्हा केळं किंवा खजूर वेगळा ठेवा.

खरोखर तरतरी देणारं म्हणाल तर कॅफिन: किलोमागे 3 मिलिग्रॅम, पळण्याआधी तासभर. छातीत धडधड होते का, हे सरावातच पाहून घ्या, स्पर्धेच्या दिवशी नको. टायरोसिन या अमिनो आम्लाच्या महागड्या डब्यांवर पैसे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. उन्हातल्या व्यायामात त्याचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

आणखी एक गोष्ट फार थोडे सांगतात. या द्रावणात सोडियम लिटरला 75 मिलिमोल, रक्तात 135 ते 145. म्हणजे हेही ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरू शकतं. तेव्हाही डोकं दुखतं, गोंधळल्यासारखं होतं, अगदी पाणी कमी पडल्यासारखंच. फरक वजनकाटा दाखवतो: पळून आल्यावर वजन वाढलेलं असेल तर पिणं जास्त झालंय.

तासाच्या आतल्या पळण्याला साधं पाणी पुरे. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि कुणी असंबद्ध बोलायला, झोकांड्या खायला लागलं, तर त्याच्या तोंडाला बाटली लावू नका. सावलीत न्या, बर्फाच्या पाण्याने अंग झपाट्याने थंड करा आणि 108 ला फोन करा.