भवानी मंडपाजवळ घेतलेला वंशावळीचा तक्ता

करवीर म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींच्या गादीच्या वंशावळीचा हा भिंतीवरचा तक्ता मी भवानी मंडपाजवळच्या एका दुकानातून घेतला. कागद जाड आहे, छपाई स्वच्छ आहे आणि अक्षरे चष्म्याविना वाचता येतात.

१७०० ते १७३१ हा भाग मनापासून आवडला. राजाराम महाराजांच्या निधनानंतर त्यांच्या राणी ताराबाईंनी आपल्या मुलाला, दुसऱ्या शिवाजींना, गादीवर बसवले. १७०७ मध्ये राजाराम महाराजांचे पुतणे शाहू महाराज, ज्यांची गादी पुढे साताऱ्याला झाली, मोगलांच्या कैदेतून सुटून आले. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तापालट होऊन राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाई यांचे पुत्र संभाजी छत्रपती झाले. ही सगळी गुंतागुंत तांबड्या आणि निळ्या रेषांनी इतकी उलगडून दाखवली आहे की, वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर ही राज्ये वेगळी कशी ठरली, हे सातवीतल्या नातीला पाच मिनिटांत समजले.

पुढे मात्र मोठी उणीव आहे. याच संभाजींच्या राणी जिजाबाईंनी १७६२ मध्ये दत्तक घेतलेले शिवाजी महाराज असोत की कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ मध्ये दत्तक आलेले राजर्षी शाहू महाराज, सर्वांना औरस पुत्रांसारखीच सरळ रेषा दिली आहे. कोल्हापूरची गादी टिकली ती दत्तकविधानांमुळे आणि ते निर्णय घेणाऱ्या राण्यांमुळे; त्या राण्यांची नावेच तक्त्यावर नसावीत, याचे फार वाईट वाटले. दुकानदारांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी छापणाऱ्याला कळवण्याचे कबूल केले. तोवर जिजाबाई आणि राजर्षी शाहूंना दत्तक घेणाऱ्या आनंदीबाई ही नावे मी पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत.