डायजेस्टरच्या पाण्याचा जमाखर्च मांडणारे ‘फ्रीक-सी’

सिन्नरकडील एका दुग्धप्रक्रिया कारखान्याच्या सांडपाणी केंद्राचे काम मी पाहतो. डायजेस्टरच्या, म्हणजे सांडपाण्यातील सेंद्रिय घाण हवेविना कुजवून वायू काढणाऱ्या टाकीच्या, निर्गम पाइपात खडीसाखरेसारखा कणीदार पांढरा थर वारंवार धरू लागल्यावर मी अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे, मोफत मिळणारे ‘फ्रीक-सी’ हे पाण्याच्या रसायनाचे गणित करणारे सॉफ्टवेअर वापरायला घेतले. तो थर स्ट्रुव्हाइटचा, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट समप्रमाणात असलेल्या क्षाराचा होता.

पाण्याचे पृथक्करण भरले की कोणता क्षार किती संपृक्त आहे, हे ही प्रणाली क्षणात सांगते. संपृक्तता निर्देशांक शून्याच्या वर गेला, तर तो क्षार साचण्याची शक्यता असते. मात्र नेहमीच्या माहितीसंचात स्ट्रुव्हाइट नाही. त्याचा विद्राव्यता गुणाकार, म्हणजे तो पाण्यात किती विरघळतो हे ठरवणारा आकडा (लॉग मूल्य उणे 13.26), मी स्वतः भरला. शिवाय तो संच नायट्रोजनची सर्व रूपे परस्परांशी समतोलात धरतो, त्यामुळे अभिक्रिया चालवताच काही अमोनिया नायट्रोजन वायूत गेल्याचे दिसू शकते. डायजेस्टरमध्ये असे घडत नाही. अमोनिया वेगळा ठेवणारा ‘अॅम’ हा संच सोबतच मिळतो. तो सापडेपर्यंत माझे दोन दिवस गेले.

खरा धडा सामूने (पीएचने) दिला. प्रयोगशाळेच्या अहवालात 7.7 आणि नळावर मोजलेला 7.1! बाटलीतून कार्बन डायऑक्साइड उडून गेल्याने सामू वाढला होता, आणि त्या आकड्यावर काढलेला निर्देशांक अख्खी टाकीच गोठेल असे सांगत होता. नळावरचा सामू घेऊन, कार्बन डायऑक्साइड पायरीपायरीने कमी करत गणित चालवले, तेव्हा जिथे पाणी दोन फुटांवरून कुंडीत पडते तिथेच निर्देशांक शून्य ओलांडत असल्याचे दिसले. तिथे कार्बन डायऑक्साइड उडू नये म्हणून आम्ही पाइपाचे तोंड पाण्याखाली नेले.

वायू किती निघेल, कुजण्याच्या मधल्या टप्प्यात तयार होणारे प्रोपिऑनिक आम्ल का साचते, हे विचाराल तर मात्र ही प्रणाली मुकी आहे. जीवाणूंच्या वाढीची समीकरणे ‘बेसिक’ या संगणक भाषेत आपणच लिहावी लागतात. त्यासाठी आंतरराष्ट्रीय जल संघटनेचे 2002 चे ‘एडीएम-1’ हे डायजेस्टरमधील विघटनाचे गणिती प्रारूप आहे, ज्यात जीवाणूंचे सात गट आहेत, पण मूळ प्रारूपात फॉस्फरस नाही आणि क्षारांचे साचणेही नाही. म्हणजे माझ्या पाइपापुरते तेही अपुरेच. रसायनशास्त्राची बैठक असलेल्या अभियंत्याने ‘फ्रीक-सी’ जरूर घ्यावे. केवळ बटणे दाबून उत्तर हवे असणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.