वीज कंपनीचा कायदा विभाग: घरची माणसं की बाहेरचे वकील?

वीज खरेदी करारात ‘कायद्यातील बदल’ असं एक कलम असतं. नवा कर लागला की करारात म्हटलेल्या मुदतीत नोटीस गेली पाहिजे, नाहीतर वाढीव खर्चाच्या भरपाईवर पाणी सोडायची वेळ येते. बाहेरच्या फर्मला हे कळेपर्यंत महिना उलटतो. घरच्या माणसाला, म्हणजे कंपनीच्याच पगारी कायदा अधिकाऱ्याला, अकाउंट्सवाला चहाच्या टपरीवरच सांगून टाकतो. करार, नोटिसा, जमिनींचे सातबारे ही कामं म्हणूनच मी घरी ठेवेन.

सुनावणीचं गणित वेगळं. बार कौन्सिलच्या नियमांनुसार पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही. म्हणजे विजेच्या वादांवरची अपिलं ऐकणाऱ्या दिल्लीच्या अपिलीय न्यायाधिकरणात युक्तिवादाला बाहेरचाच वकील. विद्युत अधिनियम 2003 नुसार वीज नियामक आयोगाच्या आदेशाविरुद्ध अपिलाला मुदत 45 दिवस. त्यातले निम्मे नव्या वकिलाला विजेची दरनिश्चिती समजावण्यात गेले तर? (फीचा आकडा विचारूच नका.)

गोपनीयतेत मात्र बाहेरचा वकील सरस. त्याच्याशी झालेल्या सल्लामसलतीला मिळणारं कायद्याचं संरक्षण पगारी कायदा अधिकाऱ्याला तेवढं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे नाजूक प्रकरणात आधी वकिलाला फोन, ईमेल नंतर.