क्वांटिकाइन टीजीएफ-बीटा १ एलायझा किट: रेडिएशननंतरच्या मूत्राशयासाठी कितपत कामाचं?

गर्भाशयमुखाच्या किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी ओटीपोटावर रेडिएशन दिलं, की मूत्राशयावरही काही डोस पडतोच. उपचार चालू असतानाची जळजळ बहुधा ओसरते. खरी काळजी नंतरची. बारीक रक्तवाहिन्या बुजत जातात, भिंतीत कोलॅजन साठतं, मूत्राशय ताठर होतं आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी लघवीतून रक्त जाऊ लागतं. कोलॅजन साठण्यामागचं एक प्रमुख प्रथिन म्हणजे टीजीएफ-बीटा १. ते रक्तात आधीच वाढलेलं सापडतं का, हे तपासणाऱ्यांसाठी आर अँड डी सिस्टिम्स कंपनीचं हे ९६ वेलचं (नमुने घालायच्या छोट्या खळग्यांचं) एलायझा किट आहे; एलायझा म्हणजे अँटिबॉडी वापरून प्रथिनाचं प्रमाण मोजण्याची पद्धत.

मोजमापाबद्दल तक्रार नाही. रेंज ३१.३ ते २००० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर, रंगाचं रीडिंग ४५० नॅनोमीटर तरंगलांबीवर, प्लेटमधल्या दोषांसाठीचं करेक्शन ५४० किंवा ५७० वर. पण किट फक्त सक्रिय टीजीएफ-बीटा १ ओळखतं आणि रक्तात ते बहुतांश सुप्त रूपात असतं. म्हणून ते सक्रिय करण्यासाठी नमुन्यात आधी १ नॉर्मल (‘नॉर्मल’ हे तीव्रतेचं एकक) हायड्रोक्लोरिक आम्ल घालून १० मिनिटं ठेवायचं, मग १.२ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि ०.५ मोलर हेपेस यांच्या द्रावणाने न्यूट्रल करायचं आणि लगेच वापरायचं. ही रसायनं किटच्या डब्यात येत नाहीत, वेगळी मागवावी लागतात. स्टँडर्डला (तुलनेसाठी किटमध्ये दिलेल्या, प्रमाण माहीत असलेल्या प्रथिनाला) मात्र आम्ल अजिबात घालू नये, ते आधीच सक्रिय असतं. आम्ल आणि अल्कलीने वाढलेलं आकारमान हिशेबात धरायला बरेच जण विसरतात. १०० मायक्रोलिटर कल्चर द्रवात (पेशी वाढवलेल्या द्रवात) दोन्ही २०-२० मायक्रोलिटर घातले, तर उत्तराला १.४ ने गुणावं लागतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो किट उघडण्याच्या आधी, रक्त घेताना. प्लेटलेटमध्ये टीजीएफ-बीटा १ ठासून भरलेलं असतं. रक्त गोठलं की ते बाहेर पडतं, त्यामुळे सीरममधला (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातला) मोठा आकडा मुख्यतः प्लेटलेटचा असतो. या कामासाठी प्लाझ्माच (न गोठलेल्या रक्तातला द्रव) घ्यावा: ईडीटीए ट्यूब (रक्त गोठू न देणारं रसायन असलेली) बर्फात, रक्त घेतल्यापासून ३० मिनिटांच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये १००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट जोराने) १५ मिनिटं फिरवायची, वरचा प्लाझ्मा हलक्या हाताने काढायचा, पेशींचा थर ढवळू द्यायचा नाही. मग तोच प्लाझ्मा २ ते ८ अंशांवर १०,००० जी ने आणखी १० मिनिटं. हा दुसरा फेरा टाळलात, तर पुढची सगळी मेहनत वाया. वॉर्डातून ट्यूब तासभराने येत असेल, तर तो नमुना या अभ्यासात धरूच नये. प्लाझ्माचे छोटे भाग करून गोठवा, म्हणजे पुन्हा पुन्हा वितळवावं लागणार नाही.

आकडा आला, तरी तो मूत्राशयाचाच आहे असं म्हणता येत नाही. गाठ स्वतः हे प्रथिन सोडते, यकृताच्या आजारातही ते वाढतं, आतड्यालाही त्याच उपचारात रेडिएशन लागलेलं असतं. फुप्फुसांच्या बाबतीत १९९० च्या दशकापासून हीच तपासणी करून पाहिली गेली आणि निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. म्हणून एकट्या आकड्याला अर्थ नाही. रेडिएशन सुरू होण्याआधीचा त्याच रुग्णाचा नमुना हवाच.

किटवर ‘फक्त संशोधनासाठी’ असं लिहिलेलं आहे आणि ते योग्यच आहे. रुग्णांनी यासाठी पैसे घालवू नयेत. त्यांच्यासाठी लघवीची साधी तपासणी आणि तिच्यात रक्त दिसलं तर संसर्ग वा नवी गाठ नाही ना हे पाहणं, गरज पडल्यास सिस्टोस्कोपी (दुर्बिणीने मूत्राशय आतून पाहणं), हेच खरं उपयोगाचं.

संशोधकांनी प्लेटची आखणी आधीच करावी. सात स्टँडर्ड आणि शून्य (प्रथिन नसलेला) दुहेरी लावले की १६ वेल जातात, उरतात ८०. तीन कंट्रोल (चाचणी नीट चालली का हे पाहण्याचे नमुने) आणि रुग्णांचे नमुनेही दुहेरी धरून, प्रत्येकी चार नमुने असलेले नऊ रुग्ण एका प्लेटवर बसतात. एकाच रुग्णाचे नमुने दोन प्लेटवर विभागू नका, नाहीतर दिसणारा फरक शरीरातला की प्लेटमधला, हे कळणार नाही.